मंचुरियनबरोबर शेनिन

चिकनबरोबर कोणती वाइन घ्यायची, असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते: चिकन कशात केलंय? कोंबडीच्या मांसाची स्वतःची चव सौम्य असते. चायनीजमध्ये तर ती आणखीच मागे पडते आणि सोया सॉस, व्हिनेगर, साखर, लसूण आणि मिरची यांचं राज्य सुरू होतं. वाइन जुळवायची ती या पाच जणांशी. ‘चिकन म्हणजे पांढरी, मटण म्हणजे लाल’ हा नियम इथे काही कामाचा नाही.

मी नाशिकजवळच्या एका वायनरीत लॅबमध्ये काम करते. जानेवारी ते मार्च हा आमचा हंगाम. त्या दिवसांत सकाळपासून टेबलावर नमुन्यांच्या बाटल्या रांगेत उभ्या असतात आणि प्रत्येकीचं तेच विचारायचं असतं: साखर किती, आम्लता किती, पीएच किती, मद्यार्क किती. माहेर निफाड तालुक्यातलं. घरची बाग आहे, पण खायच्या द्राक्षांची, थॉमसनची. शनिवारी रात्री घरी चायनीज करायचं, ही आमची जुनी पद्धत. त्यामुळे दिवसभर मोजलेले आकडे आणि रात्री कढईत परतलेलं चिकन यांची गाठ माझ्या डोक्यात केव्हाच पडली. त्यातून एक मत पक्कं झालं, ते सांगायला ही पोस्ट. गोड-तिखट चायनीज चिकनला किंचित गोड, आंबटपणा शाबूत असलेली, कमी मद्यार्काची आणि नीट गार केलेली पांढरी वाइन लागते. आणि तशी वाइन शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

आधी ताटाबद्दल. आपण ज्याला चायनीज म्हणतो त्यातलं सगळ्यात लाडकं चिकन मंचुरियन मुंबईत जन्मलं. कोलकात्याच्या चिनी कुटुंबातले नेल्सन वाँग १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करत होते. नेहमीच्या यादीबाहेरचं काहीतरी द्या, असं गिऱ्हाइकाने म्हटल्यावर त्यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची चिरून घेतली. हा आपल्याच फोडणीचा पाया. पण पुढे गरम मसाला न घालता त्यांनी सोया सॉस ओतला आणि कॉर्नफ्लोअरने रस्सा दाट केला. चीनच्या मंचुरिया भागात असा पदार्थ नाही. हा पदार्थ आपला आहे, म्हणून त्याच्यासोबत काय प्यावं हेसुद्धा आपणच ठरवायला हवं. परदेशातल्या पुस्तकांत त्याचं उत्तर असणार कुठून?

माझ्या घरचा सॉस सांगते. चार जणांना अर्धा किलो बोनलेस चिकन. ते अंडं आणि कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळते. सॉसमध्ये चार मोठे चमचे टोमॅटो केचप, दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा मध, एक लहान चमचा साखर, थोडं व्हिनेगर, पाणी आणि कॉर्नफ्लोअर. आलं-लसूण-मिरची सढळ हाताने. आता लॅबमधली सवय बघा. केचपचा जवळपास पाव भाग साखर असते. मधातली आणि चमचाभर वेगळी साखर धरली तर पस्तीसेक ग्रॅम होते. सॉस होतो कपभर, म्हणजे अडीचशे मिली. लिटरच्या हिशेबात १४० ग्रॅम! ड्राय वाइनमध्ये लिटरला चार ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी साखर उरलेली असते.

या दोन आकड्यांतलं अंतर जिभेला लगेच कळतं. लाडू खाऊन चहा प्यायलात तर चहा अगोड लागतो, तसंच इथे होतं. गोड सॉसनंतर ड्राय वाइनचा घोट घेतला की तिच्यातला फळाचा गोडसर भास पुसला जातो आणि नुसता आंबटपणा, थोडा कडवटपणा हाती लागतो. चांगली, महागाची बाटलीसुद्धा लिंबू पिळलेल्या पाण्यासारखी लागते. वाइन बिचारी चांगलीच असते. तिला चुकीच्या पंगतीत बसवलेलं असतं.

लाल वाइनची गत याहून कठीण. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या साली-बियांतलं टॅनिन असतं, जे हिरड्या आवळून धरतं. सोया सॉसमध्ये आणि अजिनोमोटोमध्ये जी उमामी म्हणजे रश्श्यासारखी भरदार चव आहे, ती टॅनिनचा कडवटपणा आणि तुरटपणा वर काढते. (ही उमामी टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून वेगळी काढून दाखवली. अजिनोमोटो त्यातूनच आलं.) सोया सॉसमधलं मीठ कडवटपणा थोडा दाबतं, म्हणून मऊ लाल वाइन एकवेळ निभावते. पण दणदणीत शिराझ आणि शेजवान एकत्र आले की मला तरी तोंडात धातू चघळल्यासारखं वाटतं.

आणि मग मिरची. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला, चेतवतं. हा ग्राहक मुळात उष्णता ओळखण्यासाठी आहे. साधारण ४२ अंशांच्या पुढे गेलं की तो ‘भाजतंय’ असं मेंदूला कळवतो. मिरची त्याला तापमान न वाढताच तसं कळवायला लावते. आता यात मद्यार्काची भर घाला. पेशींवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की इथेनॉलमुळे या ग्राहकाचा उंबरठा ४२ वरून ३४ अंशांच्या आसपास उतरतो. तोंडातली नेहमीची ऊब त्याहून जास्तच असते! चौदा टक्क्यांची वाइन पिऊन तिखट शमवायला जाणारा माणूस जास्त घामाघूम का होतो, ते यावरून कळतं. उलट साखर आणि गारवा दोन्ही ती आग कमी करतात. म्हणून मद्यार्क कमी, साखर थोडी, तापमान खाली. हे तिन्ही मला एकाच बाटलीत हवं असतं.

ती बाटली माझ्यासाठी शेनिन ब्लाँची. आमच्याकडे सगळे नुसतं शेनिन म्हणतात.

हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं. तिथल्या वूव्रेमध्ये याच एका जातीपासून कोरडी, किंचित गोड, पूर्ण गोड आणि फेसाळ अशा चारही तऱ्हांच्या वाइन होतात. पुढे दक्षिण आफ्रिकेत ते इतकं रुजलं की आज तिथे सर्वाधिक लागवड त्याचीच आहे. नाशिकमध्ये त्याला प्रतिष्ठा मिळाली ती राजीव सामंत यांच्या सुलामुळे. २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली ती शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ. सुलाची शेनिन आजही किंचित गोड बाजूची असते आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

शेनिन इथे का जमते, हे बागेत उभं राहिलं की समजतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, वेल पूर्ण झोपत नाही, म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार होण्यासाठी. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, फळासाठी. मग घड थंडीत वाढतो आणि फेब्रुवारीचं ऊन लागलं की साखर भराभर चढते. त्याच वेगाने आम्ल उतरतं, ही आमची खरी डोकेदुखी. पुष्कळ जाती उन्हाला शरण जातात, त्यांचा रस सपक होतो. शेनिन आंबटपणा धरून ठेवते. आमचे अण्णा माळकरी, चिकन नाही आणि वाइनही नाही. पण मी एकदा शेनिनचा ग्लास त्यांच्या नाकाशी धरला तर क्षणात म्हणाले, ‘पेरू. अर्धा कच्चा पेरू.’ आयुष्यभर फळं हाताळलेल्या माणसाचं नाक! टेस्टिंगला येणाऱ्या कितीतरी लोकांना हा वास नाव घेऊन सांगता येत नाही.

आता ती गोडी बाटलीत कुठून येते, याबद्दल फार गैरसमज आहेत. ‘वरून साखर घालता का?’ असं मला लग्नकार्यातसुद्धा विचारतात. ती द्राक्षाचीच साखर असते. यीस्ट लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखर खातं तेव्हा एक टक्का मद्यार्क होतो. रस बावीस ब्रिक्सचा (म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण बावीस ग्रॅम साखर) असेल आणि यीस्टला शेवटपर्यंत खाऊ दिलं तर वाइन ड्राय होते आणि मद्यार्क साडेबारा-तेराच्या घरात जातो. पण आपल्याला वीस ग्रॅम साखर शिल्लक ठेवायची असेल तर मधेच थांबवावं लागतं. टाकी एकदम थंड करायची, यीस्ट सुस्तावून तळाशी बसलं की वाइन वरून काढून घ्यायची, सल्फर डायऑक्साइडची मोजकी मात्रा द्यायची आणि बारीक गाळणीतून गाळायचं. हा निर्णय ज्या दिवशी होतो त्या दिवशी माझी धावपळ असते. दर काही तासांनी नमुना येतो. आकडा येईपर्यंत सेलरमधले लोक दारात उभे असतात. थोडं आधी थांबवलं तर सरबत, थोडं उशिरा थांबवलं तर तो पेरूचा गोडवा गेला. लिटरला वीस ग्रॅम साखर आणि सहा-सात ग्रॅम आम्ल एकत्र आलं की जीभ त्याला गोड म्हणत नाही, रसाळ म्हणते. मंचुरियनच्या सॉसला हेच हवं असतं.

मग शंका अशी येईल की सॉसमध्ये १४० आणि वाइनमध्ये वीस, हे कसं पुरतं? मिठाईसोबत वाइन घ्यायची तर ती मिठाईइतकी किंवा अधिकच गोड लागते, हे खरं. पण इथे सॉस म्हणजे चिकनवरचा पातळ थर. त्याच्यासोबत मीठ आहे, व्हिनेगर आहे, तळणीचं तेल आहे आणि बाजूला भात नाहीतर नूडल्स आहेत. वाइनला त्या साखरेशी बरोबरी करायची नसते, तिच्यासमोर पोकळ पडायचं नसतं एवढंच. माझ्या जिभेला पंधरा ते तीस ग्रॅममध्ये हे साधतं.

गोड वाइनला नाक मुरडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ‘आम्हाला ड्रायच दाखवा, गोड नवशिक्यांची’ असं मोठ्या आवाजात म्हणायचं, आणि बाजूला ताटात हनी चिली चिकन. जर्मनीत मोझेल नदीकाठी आठ-नऊ टक्के मद्यार्काची, साखर शिल्लक ठेवलेली रीसलिंग ही पांढरी वाइन पिढ्यान् पिढ्या मानाने बनवतात. माझा मावसभाऊ स्टुटगार्टला असतो. तो येताना तशीच एक हलकी रीसलिंग, काबिनेट, घेऊन येतो आणि आम्ही ती वहिनीच्या शेजवान चिकनसोबत उघडतो. वहिनीचं शेजवान म्हणजे सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटलेल्या, त्यात मूठभर लसूण, वर तेलाचा तवंग. त्या तिखटासमोर इतकी हलकी वाइन टिकते हे पाहून भाऊसुद्धा गप्प बसला, आणि तो लाल वाइनखेरीज दुसऱ्या कशाला वाइन मानत नाही.

सगळ्या पदार्थांना एकच बाटली, असं मात्र नाही. चिली चिकन घ्या. साखर जवळपास नाही, हिरवी मिरची, सिमला मिरची, सोया. सिमला मिरचीचा जो हिरवा वास असतो तो पायराझिन गटातल्या द्रव्यांचा, आणि तीच द्रव्यं सोव्हिन्यों ब्लाँमध्येही असतात. त्यामुळे इथे ड्राय सोव्हिन्यों छान बसते. अट एकच: कढईत केचप नको. लॉलीपॉप कोरडा, तळलेला, खारट. त्याला फेसाळ वाइन द्या. दिंडोरीला शाँदोंची वायनरी आहे, तिथली ब्रूट, म्हणजे ड्राय फेसाळ, यासाठी मला आवडते. तेलकट तोंड लख्ख होतं. पण सोबतच्या लाल चटणीत लॉलीपॉप बुडवून खाणार असाल तर बुडबुडे टाळा. कार्बन डायऑक्साइड जिभेला स्वतःच टोचतो, वर शेजवान चटणी म्हणजे दुप्पट झणका. हनी चिलीला शेनिनमधली सुद्धा जास्त गोड बाजूची निवडा. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची लेट हार्वेस्ट मी जेवणात देत नाही, ती फार दाट होते. रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, आवडत असेल तर किंचित गोड झिनफांडेल रोझे ग्रेव्ही मंचुरियनला चालते. लाल हवीच असेल तर हलकी, कमी टॅनिनची घ्या आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग ओता.

गोंगबाओ चिकनबद्दल थोडं जास्त लिहायचा मोह होतोय. हा खरा सिचुआनचा पदार्थ. एकोणिसाव्या शतकात तिथे राज्यपाल असलेल्या डिंग बाओझेन यांच्या पदवीवरून त्याचं नाव पडलं. चिकनचे छोटे तुकडे, शेंगदाणे, सुक्या मिरच्या, आणि आंबट-गोडाचा असा तोल की सिचुआनी आचारी त्याला लिचीची चव म्हणतात. लिची त्यात घालत नाहीत. गंमत म्हणजे लिचीच्या वासाची वाइन खरोखर आहे: गेवुर्झट्रामिनर. लिचीत आणि तिच्यात रोझ ऑक्साइड हे एकच वासद्रव्य सापडतं. फ्रान्सच्या आल्झासमधली बाटली मिळाली तर ती गोंगबाओसाठीच राखून ठेवा.

या पदार्थात सिचुआन मिरी लागते, जिने ओठ झिणझिणतात. ती मिळत नाही म्हणून मी कोकणातलं तिरफळ वापरते. दोन्ही झँथोझायलम याच प्रजातीतली, आणि दोन्हींचं टरफल वापरायचं, काळं बी टाकून द्यायचं. बांगड्याच्या तिखल्यात घालतो तेच तिरफळ. वास थोडा वेगळा, अधिक लाकडी, पण झिणझिणी तीच. तिरफळ बेताचंच घाला, चार जणांना पाच-सहा पुरेत. जीभ बधिर झाली की वाइनचा वास नाकापर्यंत पोचतो, चव मात्र हरवते.

स्वयंपाकातच एक गोष्ट सांभाळा: व्हिनेगर. पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन मिळमिळीत लागते. गाडीवरून पार्सल आणलं असेल आणि ते फार आंबट असेल तर मी ते कढईत काढून चिमूटभर साखर आणि थोडं पाणी घालून एक उकळी देते. सोबत व्हिनेगरात बुडालेल्या हिरव्या मिरच्यांची पुडी येते ती बाजूला ठेवते. कोबी-कांदा चालतो.

आणि गारवा. आठ ते दहा अंश. मार्चनंतर नाशिकमध्ये टेबलावर ठेवलेली वाइन बघता बघता कोमट होते आणि कोमट गोड वाइन नकोशी लागते. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली वीस मिनिटं उभी ठेवा. नुसत्या बर्फापेक्षा हे लवकर होतं. ग्लासात थोडी थोडीच ओता, बाटली परत बादलीत. ग्लासात बर्फाचे खडे टाकू नका, आंबटपणा पातळ होतो आणि सगळा तोल त्याच्यावर असतो.

दुकानात बाटली निवडताना मागचं लेबल वाचा. साखरेचा आकडा सहसा दिलेला नसतो, पण मद्यार्क असतो. शेनिनवर तेरा टक्क्यांच्या पुढे लिहिलं असेल तर बहुतेक ती ड्राय असते, साडेअकरा-बाराच्या आसपास असेल तर गोडी शिल्लक असण्याची शक्यता चांगली. साल बघा. ही वाइन साठवायची नाही, ताजी प्यायची, त्यामुळे यंदाची किंवा गेल्या हंगामाची घ्या. बाटली सरली नाही तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस नीट राहते. रविवारी दुपारी उरलेलं मंचुरियन गरम कराल तेव्हा ते आदल्या रात्रीपेक्षा तिखट लागेल, कारण मिरची रात्रभर रश्श्यात मुरलेली असते. त्या वेळी शेनिन आणखी गार करून घ्या.